मंडई परिसर: पुरणयंत्राच्या जाळीच्या निमित्ताने एक परीक्षण

होळीला चार दिवस उरले असताना माझ्या धाकट्या बहिणीच्या लक्षात आले की तिच्या पुरणयंत्राची बारीक भोकांची जाळी घर बदलताना कुठेतरी हरवली आहे. यंत्र आमच्या आईचे, जड पितळेचे आणि अजून उत्तम चालणारे. बहीण पुण्याच्या पश्चिमेला वाढलेल्या एका नव्या उपनगरात राहते. तिथल्या दोन दुकानांत तिला सांगण्यात आले की सुटी जाळी मिळत नाही, नवे यंत्रच घ्यावे. घरपोच मागवलेली जाळी आली, पण ती यंत्राच्या तोंडात बसेना. शेवटी मी तिला म्हटले, "उद्या सकाळी माझ्याकडे ये, आपण मंडईत जाऊ." मी शुक्रवार पेठेत वाढले आणि लग्नानंतर कोथरूडला आले, तरी घरात काही अडले की माझे पाय अजून त्याच दिशेला वळतात. या वेळी मात्र मी ठरवले होते की सवयीने जायचे नाही. डोळे उघडे ठेवून जायचे आणि हा परिसर आजच्या गिऱ्हाइकाला नेमके काय देतो, कुठे कमी पडतो, हे तपासून लिहायचे.

हे परीक्षण एका दुकानाचे नाही. महात्मा फुले मंडईची दगडी इमारत, तिला लागून असलेली तुळशीबाग, रामेश्वर चौक आणि तिथून रविवार पेठेत शिरणारी बोहरी आळी एवढा पायी फिरण्याजोगा पट्टा मी एकच सेवा म्हणून विचारात घेतला आहे. तसे करण्याला कारण आहे. केवळ भाजीचा विचार केला, तर आता शहरभर चांगल्या भाजीची दुकाने आणि हातगाड्या आहेत. घाऊक व्यापार तर केव्हाच गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. केवळ भांड्यांचा, केवळ खिळ्या-कुलुपांचा किंवा केवळ पूजासाहित्याचा विचार केला, तरी प्रत्येकाला पर्याय सापडेल. हे सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असण्यातून जे निर्माण होते, त्याला मात्र पर्याय मला सापडलेला नाही.

आमच्या यादीत जाळीखेरीज आणखी आठ कामे होती: आठवड्याची भाजी, समईच्या वाती, बॅगेची चेन, कुकरची शिट्टी, एका कुलपाची दुसरी किल्ली, चाळणी, भाचीसाठी भातुकली आणि सासूबाईंसाठी सुंठ-गंठोडा. कोथरूडच्या आनंदनगर स्थानकातून मेट्रोने निघालो, जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलली आणि साडेआठला मंडई स्थानकातून वर आलो. सप्टेंबर २०२४ मध्ये हा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून या परिसराचा सर्वांत मोठा अडसर, म्हणजे गाडी कुठे लावायची हा प्रश्न, माझ्यापुरता तरी सुटला आहे. जिन्यावरून वर येताना समोर मंडईचा अष्टकोनी मनोरा दिसतो, आणि ज्यांनी हे दृश्य पन्नास वर्षे पाहिले आहे त्यांनाही तो क्षणभर थांबवतो.

आत शिरल्यावर भाजीबद्दल माझे मत असे झाले: पालेभाज्यांसाठी पुण्यात यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. मेथी, पालक, कोथिंबीर कुठेही मिळते, परंतु अंबाडी, करडई, चंदनबटवा, घोळ, राजगिरा ही नावे ज्यांच्या घरात अजून उच्चारली जातात त्यांना इथे यावे लागते. विक्रेते उंच ओट्यावर मांडी घालून बसतात, माल त्यांच्याभोवती उतरता रचलेला असतो, आणि गिऱ्हाईक खाली उभे राहून वर पाहत बोलते. बहिणीने ओल्या हळदीच्या शेजारचा फिकट कंद उचलून "हे काय?" असे विचारले तेव्हा ओट्यावरच्या मावशींनी आंबेहळद म्हणजे काय, तिचे लोणचे कसे घालायचे, लिंबू किती पिळायचे आणि ते किती दिवस टिकते हे सगळे सांगितले, आणि शेवटी अर्धा पावच घ्यायला लावली, कारण "पहिल्यांदा करताय, जास्त नेऊ नका". भाव बाहेरच्या हातगाडीपेक्षा फार कमी नव्हते. काही तर सारखेच होते. एका गाळ्यावर मात्र आम्ही न निवडता घेतलेल्या लिंबांपैकी तीन घरी आल्यावर नासकी निघाली. इथे स्वतः निवडून घ्यावे, तसे घेऊ देतात.

ही इमारत होण्यापूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरत असे. तिथल्या मारुतीला बटाट्या मारुती हे नाव त्या बाजारावरूनच पडले. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत ही मोठी वास्तू बांधली, १८८६ मध्ये ती खुली झाली आणि तत्कालीन गव्हर्नरांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणू लागले. जोतीराव फुले त्या काळात नगरपालिकेचे सभासद होते. एवढा पैसा बाजाराच्या इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करावा, असे म्हणत त्यांनी या खर्चाला विरोध केला होता. पुढे त्यांचेच नाव या मंडईला मिळाले. उघड्यावर बसणाऱ्या अनेक विक्रेत्यांनाही भाडे भरून आत यायचे नव्हते. हे सांगायचे कारण असे की कोणत्याही बाजाराची जागा आपोआप ठरत नाही. कोणीतरी ती ठरवते, कोणीतरी विरोध करते, आणि मग आजूबाजूचे धंदे पिढ्यान्‌पिढ्या तिच्याशी जुळवून घेत राहतात.

बारीक कामे पटकन आटोपली. वाती मंडईच्या बाहेर मिळाल्या, चेन बदलणारे रस्त्याच्या कडेला यंत्र मांडून बसलेले होते, शिट्टी दहा पावलांवर मिळाली. सुंठ-गंठोड्याच्या दुकानात काष्ठौषधींचा असा वास होता की बहीण काम झाल्यावरही दोन मिनिटे तिथे रेंगाळली.

जाळीची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण माझे सगळे म्हणणे तिच्यात आहे. तुळशीबागेतल्या भांड्यांच्या एका दुकानात आम्ही यंत्र पिशवीतून काढून दाखवले. दुकानदारांनी ते हातात घेतले, तोंडाचा आटा बोटाने चाचपला, आपल्याकडच्या दोन जाळ्या लावून पाहिल्या आणि म्हणाले, "ताई, हे जुन्या मापाचे आहे, आमच्याकडे नाही. बोहरी आळीत चाळण्या विकतात ना, त्यांच्याकडे सुट्या जाळ्यांचा डबा असतो, तिथे बघा." त्यांच्याकडे नवी यंत्रे सहा होती आणि विकण्याची संधी समोर उभी होती, तरी त्यांनी नव्या यंत्राचा विषय काढला नाही. बोहरी आळीत आम्ही पहिल्या दुकानात विचारले, त्यांनी दुसऱ्याकडे पाठवले. तिथे खरोखरच पत्र्याचा एक डबा होता आणि त्यात निरनिराळ्या आकारांच्या चाळीस-पन्नास जाळ्या. आमच्या यंत्राला एक जवळपास बसली. केसभर मोठी होती. "हिला कानस मारून घ्या, पण आम्ही नाही मारत," असे सांगून त्यांनी एका जुन्या वाड्याच्या जिन्याखाली बसणाऱ्या कारागिरांची खूण दिली. ते कात्र्या-सुऱ्यांना धार लावतात, स्टोव्ह आणि शेगड्या दुरुस्त करतात. त्यांनी जाळीची कड कानशीने घासली, बसवून पाहिली, पुन्हा घासली, आणि तिसऱ्या वेळी ती टक्‌ आवाज करून बसली. जाळीचे साठ रुपये, घासण्याचे वीस. एकूण वेळ पाऊण तास, आणि त्यातला निम्मा वाट काढत चालण्याचा.

"आमच्याकडे नाही, पण अमक्याकडे बघा" हे वाक्य आम्ही त्या सकाळी चार वेळा ऐकले. माझ्या मते या परिसराचा दर्जा मोजायचा तर याच वाक्याने मोजावा. हे निव्वळ सौजन्य नव्हे. त्यामागे व्यवहाराची रचना आहे. इथली बहुतेक दुकाने लहान आहेत आणि प्रत्येकाने एकेका जिनसेत खोलवर माल भरला आहे. चाळण्यांच्या दुकानात चाळण्यांचे वीस प्रकार असतील, पण पोळपाट नसेल. दोऱ्यांच्या दुकानात सुतळीपासून नाड्यांपर्यंत सगळे असेल, पण कुलूप नसेल. अशा दुकानदाराला शेजाऱ्याच्या मालाची माहिती ठेवावीच लागते, कारण गिऱ्हाईक एकाच वस्तूसाठी क्वचित येते. बोहरी आळीत जाळीसाठी पाठवलेली बाई परतताना तुळशीबागेतून भातुकली घेऊन जाते, हे त्या भांडेवाल्यांना अनुभवाने ठाऊक आहे. आम्हीही तसेच केले. लाकडी भातुकलीचा एक छोटा संच त्यांच्याकडूनच घेतला. शेजारच्याचा धंदा चालला तर आपल्याही दारावरून माणसे जातात, हा हिशेब इथे कोणी बोलून दाखवत नाही, तरी प्रत्येकाच्या वागण्यात तो दिसतो. पाचशेची नोट मोडायची असेल तर शेजारी, जेवायला जायचे असेल तर दुकानावर लक्ष ठेवायला शेजारी.

हे मिश्रण दिवसाच्या वेळांतही दिसते, आणि वस्तीचा स्वभाव घडवण्यात याचा वाटा फार मोठा आहे असे मला वाटते. पहाटे खाणावळवाले आणि छोटे हॉटेलचालक भाजी न्यायला येतात. त्यांच्यासाठी चहाचे अमृततुल्य लवकर उघडते. साडेआठ-नऊला निवृत्त मंडळी पिशव्या घेऊन येतात, त्यानंतर घरचे आवरून निघालेल्या बायका, दुपारी कॉलेजच्या मुली तुळशीबागेत, संध्याकाळी कचेरीतून परतणारे. प्रत्येक धंद्याचे गिऱ्हाईक वेगळ्या वेळी येत असल्याने रस्ता पूर्ण ओस असा फारसा पडतच नाही. लहानपणी मला आई संध्याकाळी एकटीला दाणे आणायला पाठवत असे, त्याचे कारण तिचे धाडस नव्हते. वाटेवर सहा ओळखीचे दुकानदार बसलेले आहेत, हे तिला माहीत होते.

सणांच्या दिवसांत ही वीण आणखी घट्ट होते. भोगीच्या आदल्या दिवशी इथे यावे. हरभरा, पावटा, गाजर, वांगी, बोरे, ओंब्या, उसाचे करवे मंडईत. सुगडी रस्त्याच्या कडेला. तीळ-गूळ किराण्याच्या दुकानात. वाणाच्या वस्तू तुळशीबागेत. एक सण साजरा करायला भाजीवाली, कुंभार, वाणी आणि कासार असे चार-पाच व्यवसाय लागतात, आणि ते सगळे इथे दहा मिनिटांच्या चालीत आहेत. यांतला एक जरी दूर गेला, तरी उरलेल्यांकडे येणारी माणसे कमी होतात.

पुण्याच्या जुन्या भागाने आपल्या आळ्यांना आणि देवांनाही धंद्यांचीच नावे दिली आहेत. तांबट आळी, बुरूड आळी, भांडे आळी, कापडगंज; आणि देवांमध्ये बटाट्या मारुतीच्या जोडीला जिलब्या मारुती, सोन्या मारुती, पासोड्या विठोबा. पासोड्यांचा, म्हणजे जाड पांघरुणांचा, बाजार आता कोणाला आठवत नाही, विठोबाच्या नावात तेवढा तो उरला आहे. कसबा पेठेतल्या तांबट आळीत मात्र तांब्यावर मठार उठवणाऱ्या हातोड्यांचा आवाज अजून ऐकू येतो, आणि त्या आवाजामुळेच ती आळी पत्त्यातली नुसती एक ओळ होऊन राहिलेली नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात. तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनाची मिसळ आम्ही खाल्ली. बसायला जागा अपुरी आहे, वाट पाहावी लागते, आणि रस्सा तिखट पण नेमका आहे. उन्हाच्या दिवसांत कावरे यांच्याकडचे आइस्क्रीम चुकवू नये. दोन्ही ठिकाणी हातातल्या भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवून बसणारी माणसेच जास्त दिसतात, आणि ही गोष्ट मला चवीइतकीच महत्त्वाची वाटते.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत गंभीर म्हणजे या सगळ्या पट्ट्यात स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहांची वानवा आहे. जिथे गिऱ्हाइकांमध्ये आणि विक्रेत्यांमध्येही निम्म्याहून अधिक बायका दिसतात, तिथे ही उणीव अक्षम्य आहे. दुसरी, आळ्यांमधून भरधाव जाणाऱ्या दुचाकी. बोहरी आळीत माल चढवणारे टेम्पो, हातगाड्या आणि दुचाकी यांतून वृद्ध माणसाने चालणे धोक्याचे आहे. ११ डिसेंबर २०२१ रोजी शेजारचा लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन पाळला गेला, तेव्हा मी आईला हाताला धरून रस्त्याच्या मधून चालत नेले होते. असा एक दिवस पुरेसा नाही. तिसरी, टेकायला जागा नाही. चौथी, तुळशीबागेत घासाघीस करावी लागते आणि ज्यांना ती जमत नाही त्यांना जास्त पैसे पडतात. दुपारी एक ते चार काही दुकाने बंद असतात. याबद्दल पुण्याला पुष्कळ बोलणी खावी लागतात, पण जे दुकानदार सकाळपासून एकटे उभे असतात त्यांच्या विश्रांतीबद्दल मला तक्रार करावीशी वाटत नाही. वेळ पाहून जावे.

बहिणीच्या उपनगराशी तुलना करताना मला न्याय सोडायचा नाही. तिथले पदपथ रुंद आहेत, झाडे आहेत, रस्त्यावर प्रकाश आहे, आणि बेकरी तर उत्तम आहे. तिच्या सोसायटीभोवतालच्या तळमजल्यांवर मी मोजून पाहिले: कॅफे, केशकर्तनालये, दातांचे दवाखाने, घरांचे दलाल, व्यायामशाळा आणि साखळी दुकाने. यांपैकी एकही व्यवसाय वाईट नाही. परंतु ते सगळे एकाच वयाच्या, एकाच मिळकतीच्या माणसांसाठी आणि जवळजवळ एकाच वेळी उघडे असतात. चेन बदलणारा नाही, किल्लीवाला नाही, आठ रुपयांची वस्तू विकून दिवस काढणारे कोणी नाही. एका दुकानात विचारले तर दुसऱ्याबद्दल सांगता येत नाही, कारण काउंटरवरचा मुलगा मागच्याच महिन्यात लागलेला असतो. त्या रस्त्यावर मला सर्वांत जिवंत वाटलेली जागा म्हणजे एका कुंपणाच्या कडेला इस्त्रीची गाडी लावणारे गृहस्थ. चौकशी करायची तर सगळी सोसायटी त्यांच्याकडे जाते. तिथल्या रहिवाशांनी ती गाडी हटवण्याचा अर्ज केला आहे असे बहीण म्हणाली, तेव्हा मला मनापासून वाईट वाटले.

मंडई परिसराची चिंता मला अधिक आहे, कारण इथेही तोच बदल वेगळ्या मार्गाने येतो आहे. जुने वाडे पाडून नव्या इमारती उभ्या राहत आहेत. मोडकळीस आलेल्या वाड्यात राहणाऱ्यांना सुरक्षित घर मिळालेच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण जुन्या भाडेकराराने अत्यल्प भाड्यात चालणारे दुरुस्तीचे दुकान नव्या गाळ्याची अनामत देऊ शकत नाही. त्याच्या जागी ज्या धंद्यात चौरस फुटामागे अधिक नफा आहे तो येतो, आणि म्हणून मोबाइलची आवरणे आणि तयार कपडे यांची दुकाने ओळीने वाढत जातात. शिवाय वाड्याला दर्शनी ओटा होता, जिन्याखाली कोपरा होता, भिंतीत फळीएवढी जागा होती. धार लावणारे, घड्याळवाले, चष्मे दुरुस्त करणारे यांचा संसार अशा कोपऱ्यांवर उभा राहिला. नव्या इमारतीचा तळमजला गाड्या उभ्या करण्यासाठी मोकळा सोडलेला असतो. रस्त्याला लागून जिथे माणूस बसत होता तिथे आता लोखंडी फाटक असते. नकाशा मंजूर करताना गाड्यांची संख्या मोजली जाते, तशी जिन्याखालच्या कारागिरांची मोजली जावी आणि त्यांना चार-सहा फुटांचे गाळे परवडणाऱ्या भाड्यात राखून ठेवले जावेत, असे माझे ठाम मत आहे.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. शनिवार-रविवार टाळावा; मंगळवार किंवा बुधवारी सकाळी साडेआठ ते साडेअकरा ही वेळ उत्तम. मेट्रोने जावे. कापडी पिशव्या तीन घ्याव्यात, त्यातली एक फक्त पालेभाजीसाठी. मोडलेली वस्तू तिच्या चित्रावरून दाखवू नये, प्रत्यक्ष बरोबर न्यावी. इथले लोक ती हातात घेऊन पाहतात. मोबाइलवरून पैसे जवळपास सगळीकडे चालतात, तरी दहा-वीसच्या नोटा जवळ असाव्यात.

जाळी बसवून झाल्यावर मी जिन्याखालच्या त्या काकांना विचारले होते की आईचा अडकित्ता धारेला आणायचा आहे, पुढच्या महिन्यात आले तर चालेल का. ते म्हणाले, वाडा पावसाळ्यापूर्वी उतरवणार आहेत, त्यानंतर ते इथे नसतील. कुठे असाल, असे विचारल्यावर त्यांनी हातातली कानस खाली ठेवली आणि रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानाकडे बोट केले. "अजून जागा नक्की नाही. त्यांना विचारा, ते सांगतील मी कुठे बसतो ते."